दिला एकीला

वीणाताईंना कुणी "आजी, जरा बसा" म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वय बहात्तर, पण कणा ताठ. चादरीला सुरकुती दिसली की ती ओढून नीट केल्याशिवाय चैन पडायचं नाही, मग ती चादर कुणाच्याही घरची असो. बत्तीस वर्षं लष्करात नर्स होत्या, लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झालेल्या. आता तीन महिन्यांसाठी मुलाकडे, अभिजितकडे, आयर्लंडमधल्या नावन गावी आल्या होत्या. अभिजित आणि सून शिवांगी सकाळी आठला कामाला निघत, की घर आपलं चिडीचूप. म्हणून त्या रोज चालत लायब्ररीत जायच्या, पेपर वाचायच्या, आणि पेपर चुरगाळून ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना मनातल्या मनात झाडायच्या.

तिथेच मंगळवारी दाराशी एक कागद लावलेला दिसला. शनिवारी छोटं प्रदर्शन होतं, महायुद्धात कामगिरीवर गेलेल्या इथल्या बायकांचं. त्यात एक ओळ अशी: नोरा, लष्करी नर्स, सुमात्रा बेटावर जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं.

वीणाताई त्या ओळीपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही ग्रँड आहात ना?" इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात. त्या नुसत्या मान हलवून बाहेर आल्या.

कारण नोरा हे नाव त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. उर्मिलाआत्याच्या.

उर्मिला बोडस. वीणाताईंच्या वडिलांची बहीण. सतराव्या वर्षी विधवा झाली. घरचे तिला स्वयंपाकघरात कोंबायला निघाले होते, तर ही पठ्ठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जाऊन नर्सिंग शिकली, आणि युद्ध लागल्यावर थेट लष्करात. जाताना सगळी गल्ली स्टेशनवर लोटली होती म्हणे. बेचाळीस साली ती जपान्यांच्या हाती सापडली आणि घरच्यांनी तिची आशा सोडली. पंचेचाळीस सरता सरता ती परत आली. पण गाडीतून उतरली ती फुलाफुलांचा ढगळ झगा घालून. युनिफॉर्म नाही, टोपी नाही, काही नाही.

झालं! लोकांच्या जिभेला काय हाड असतं? कुणी म्हणालं, हिला लष्करातून काढून टाकली. कुणी त्याहून वाईट म्हणालं, आणि ते डोळ्यांनीच म्हणालं. घरातल्यांनी विचारलं, "तुझा युनिफॉर्म कुठे गेला?" आत्याने उत्तर दिलं, "दिला एकीला. तिला जास्त गरज होती." यावर अख्खं घर कडू हसलं. युनिफॉर्म म्हणजे काय ताटातली पोळी आहे, दिली एकीला! पुढे लग्नकार्यात तिला बोलावणं बंद झालं. ती हॉस्पिटलजवळ एका खोलीत राहिली आणि साठाव्या वर्षापर्यंत बाळंतपणं करत राहिली. निम्म्या मिरजेला तिने जगात आणलं, पण तिच्या घरी चहाला कुणी गेलं नाही.

या सगळ्याचे एकमेव हयात साक्षीदार म्हणजे वीणाताईंचे थोरले भाऊ, पद्माकरदादा. आता चौऱ्याऐंशीचे. तेव्हा पाच वर्षांचे होते, वडिलांचं बोट धरून स्टेशनवर उभे होते. जन्मभर ते एकच सांगत आले, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." वीणा लष्करात जायला निघाली तेव्हाही हेच ऐकवलं होतं, आणि वर, "आता घराण्यात आणखी एक!"

पण दादांचं सोडा. वीणाताईंच्या काळजात सलत होतं ते वेगळंच. चौऱ्याहत्तर साली नवी कोरी लेफ्टनंट वीणा स्वतःच्या युनिफॉर्ममध्ये आत्याच्या खोलीवर गेली होती. आत्याने तिची कॉलर नीट केली, खांद्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "नोरा नाव होतं तिचं. आयर्लंडची. तिलाच दिला." आणि बावीस वर्षांची वीणा शिष्टपणे म्हणाली, "आत्या, युनिफॉर्म कुणी देतं का गं? तो काय स्वेटर आहे?" आत्या उठली आणि लोणचं वाढायला गेली. त्यानंतर मरेपर्यंत तिने तो विषय काढला नाही.

शनिवारी वीणाताईंनी अभिजितला सकाळी नऊलाच तयार करून बसवलं. "आई, बाराला उघडणार आहे ते," तो कुरकुरला. आईने नुसतं पाहिलं. तो बूट घालायला गेला.

प्रदर्शन म्हणजे एक खोली, चार टेबलं, चहाबिस्किटं. मधोमध एका पुतळ्यावर पांढरा सुती युनिफॉर्म चढवलेला, ऐंशी वर्षांत पिवळट पडलेला. खाली पाटी: हा युनिफॉर्म घालून नोरा कैदेतून मुक्त झाली. शेजारी कृपया हात लावू नये अशी दुसरी पाटी. वीणाताईंनी पहिली वाचली आणि दुसरी वाचूनही वाचली नाही. कारण कॉलर! डावीकडून दुमडलेली, धड इस्त्री नाही. लष्करी नर्सची कॉलर अशी? त्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी कॉलर उलटी केली, घडी सोडवली, आणि तिथेच थिजल्या.

आतल्या बाजूला, मानेच्या शिवणीखाली, काळपट खूण होती. दोन ठिपके, खाली आडवी रेघ, रेघेच्या टोकाला खाली वळलेलं शेपूट.

"अहो, हात लावू नका!" एक उंच, पांढऱ्या केसांची बाई तरातरा आली. नोराची मुलगी, मेव्ह. "माझ्या आईचा आहे तो."

"नाही," वीणाताई इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या आत्याचा आहे."

अभिजितला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, प्लीज," तो पुटपुटला.

"प्लीज काय? ही बिब्ब्याची खूण आहे. आमचा परीट करायचा. सगळ्या गल्लीचे कपडे एकत्र धुवायचा, म्हणून घराघराची खूण वेगळी. ही बोडसांची. माझ्या दुपट्यावर होती, बाबांच्या धोतरावर होती. आत्या बोटीत चढण्याआधी रजेवर घरी आली होती, तेव्हा तिचे कपडे त्याच्याकडेच गेले असणार. बिब्ब्याचा डाग जन्मात जात नाही. सांग तिला!"

अभिजितने सांगितलं. मेव्हचा चेहरा लाल झाला. "आम्हाला तो कैद्याचा नंबर वाटायचा," ती म्हणाली. "हे बघा, माझी आई हा घालून सुटकेच्या विमानात चढली. तुम्ही कोण कुठल्या, आणि आज येऊन म्हणता..." तिलाही आई प्रिय होती, तिचं काय चुकलं? वीणाताईंना ते कळत होतं. पण ऐंशी वर्षांची चिखलफेक एका कॉलरने धुऊन निघणार होती. आता मागे हटतील तर त्या वीणाताई कसल्या!

त्यांनी मोबाइल काढला आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती. पद्माकरदादा खुर्चीत बसून चहा पीत होते.

"दादा, आईची जुनी गोधडी आहे ना पायावर? तिच्या कोपऱ्यातली परटाची खूण दाखव."

"काय खूळ भरलंय तुला, विणे?"

"दाखव म्हणते ना!"

कुरकुरत त्यांनी गोधडीचा कोपरा कॅमेऱ्यापुढे धरला. मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर दोन ठिपके, आडवी रेघ, वळलेलं शेपूट. वीणाताईंनी फोन कॉलरशेजारी धरला.

मेव्ह वाकून एकदा फोनकडे, एकदा कॉलरकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून मटकन बसली.

"आई म्हणायची," ती हळूच म्हणाली, "हा माझा नाही, मी फक्त सांभाळतेय. शेवटची दहा वर्षं रोज म्हणायची. प्रेसमधून काढायची, पुन्हा ठेवायची." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "आम्हाला वाटलं, म्हातारपणी भ्रमिष्ट झाली. ती सांगायची, तिचा स्वतःचा युनिफॉर्म दुसऱ्याच वर्षी फाडून जखमा बांधायला वापरला. तरी आमच्या डोक्यात आलं नाही, की मग हा कुणाचा?"

मग तिने सगळं सांगितलं. सुटकेच्या दिवशी विमान आलं ते लहान. आजारी लष्करी नर्सना आधी न्यायचा हुकूम होता. नोरा तापात बरळत होती, अंगावर चिंध्या, कागद नाहीत, आणि तिथे शेकडो बायका तशाच. नोराला एवढंच आठवायचं, की कुणीतरी तिचे हात बाह्यांत घातले आणि बटणं लावली. अधिकाऱ्याने युनिफॉर्म पाहिला आणि स्ट्रेचर आत घेतलं. "डॉक्टर म्हणाले होते, आणखी आठवडा तिथे राहिली असती तर गेली असती. मी जन्मलेच नसते."

एक कपडा उरला होता त्या पोरीकडे, उर्मिलाकडे. साडेतीन वर्षं उपाशी राहून जपलेला, त्याच दिवसासाठी. तो तिने काढून दुसरीच्या अंगावर चढवला, आणि स्वतः उरलेल्या रोग्यांची शुश्रूषा करत मागे थांबली. मग कुणी दानात दिलेल्या झग्यात बोटीने घरी आली, आणि घराने तिला काय दिलं? वीणाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लाज वाटत होती, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की श्वास पुरेना. "मीसुद्धा हसले होते गं आत्या," त्या मराठीतच म्हणाल्या. "मीसुद्धा."

फोनवरून आवाज आला, "विणे, काय झालं? कुणीतरी सांगा मला!"

अभिजितने मामाला सगळं सांगितलं. दादांनी गोधडी पुन्हा पायावर ओढली. मग म्हणाले, "तिने हात पसरले होते स्टेशनवर. मला उचलून घ्यायला. मी बाबांच्या मागे लपलो." त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणायचो ना? झगा तेवढा पाहिला. एवढी मोठी बाई समोर उभी होती, ती दिसली नाही मला."

मेव्ह उठली. पुतळ्याची बटणं सोडवायला लागली. "तुम्ही घेऊन जा. तुमच्या घरचा आहे."

वीणाताईंनी तिचा हात धरला. या क्षणाबद्दल अभिजित पुढे कितीतरी दिवस ऑफिसात लोकांना धरून धरून सांगत होता. आई डोळे पुसून अशी उभी राहिली, की जणू वॉर्डात राउंडला आली आहे.

"नाही. आत्याने तो दिलाय. आमच्यात दिलेली वस्तू परत घेत नाहीत. पाटी तेवढी बदला. आणि आधी मला इस्त्री आणून द्या."

इस्त्री आली. मेव्हने एक बाही धरली, वीणाताईंनी कॉलर बसवली, खूण दिसेल अशी जरा उलटून. नवी पाटी काय लिहायची यावर मात्र मिरजेहून दादा अडून बसले. मीच सांगणार, म्हणाले. अभिजितने लिहून घेतलं, मेव्हने सुवाच्य अक्षरात उतरवलं: सिस्टर उर्मिला बोडस, मिरज, यांचा युनिफॉर्म. त्यांनी तो नोराला दिला. तिला जास्त गरज होती.

वीणाताई दोन पावलं मागे सरल्या, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काठीला धरून, गोधडी पायाशी पडू देत, पद्माकरदादा उभे राहिले होते.