सतराव्या क्रमांकाचे हसू

१४ मार्च, गुरुवार, सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दातांच्या दवाखान्यातल्या टेबलावर चोवीस छायाचित्रे. प्रत्येकात केवळ ओठ आणि दात. वरचे नाक-डोळे कापून टाकलेले. दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीला आपल्या प्रकल्पासाठी प्रत्येक हसण्याला दहापैकी गुण हवे होते. शेवटचा रुग्ण नुकताच गेला होता. दिवसभर वाकून डॉक्टरांची कंबर धरली होती, आणि बत्तीस वर्षे परक्यांच्या तोंडात डोकावून डोळेही विटले होते.

"पटापट द्या हं बाबा. फार विचार करायचा नाही."

सतराव्या चित्रापाशी ते म्हणाले, "हिरडी फार दिसते. मधली रेघ दोन मिलिमीटर उजवीकडे. सुळा वळलेला. तीन."

लेकीने पेन टेकवलेच नाही.

"अहो, ते तोंड माझं आहे," दाराजवळच्या टेबलावर रुग्णांच्या वेळा पाहणारी पत्नी म्हणाली.

दात सरळ करून घेऊ का, असे तिने आजवर कितीदा तरी विचारले होते. "छान आहेत की," हेच उत्तर प्रत्येक वेळी मिळाले होते, आणि त्या भरवशावर ती फोटोत तोंडभर हसत आली होती. आता ती ओठ मिटून उभी होती.

"म्हणजे इतकी वर्षं माझी समजूत काढत होतात तर."

"नाही गं. तेव्हा अख्खी तू दिसायचीस."

"आणि आता?"

खोटे बोलण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. "आता ओठ उघडले की काम दिसतं. कुणाचेही असोत."

"आई, मला तर ठाऊक होतं की तू आहेस," लेक खाली मान घालून म्हणाली. "तरी चारच सुचले."

"वा! बापलेकीचं एकमत झालं एकदाचं." ती सरळ आत जाऊन रुग्णांच्या खुर्चीत बसली. "घ्या, करून टाका. हिच्या पदवीच्या फोटोत तीन मार्कांची आई नको."

डॉक्टरांनी सवयीने दिवा ओढला. उजेडाचा गोल नेमका तोंडावर पडला. बाकीचा चेहरा अंधारात गेला. सहा दात घासून कॅप बसवायच्या, हा हिशेब हाताने आपणहून मांडला.

"दिवसभर सगळ्यांना 'आ करा' म्हणता," अंधारातून आवाज आला, "मला म्हणायचाही कंटाळा आला का?"

आणि ती हसली. त्यांनी दिवा वर ढकलला. गालांवरच्या घड्या, मिचमिचलेले डोळे, तो वळलेला सुळा, सगळे एकदम उजेडात आले.

"तीन खोटे नव्हते," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पण घासले, तर तो फोटो मला बरा दिसेल. तुला मात्र हसताना दर वेळी या तीनची आठवण येईल."

तिने मान लेकीकडे वळवली. "पास व्हायला किती लागतात गं?"

"चार," लेक म्हणाली.

"मग नापास. राहू दे." तिने स्वतःच दिवा बंद केला. "चला, घरी चला. तुमची कंबर बघवत नाही."

लेकीने सतराव्या चौकटीत तीन लिहिले. घासलेले दात: शून्य.