रानात भेटलेला माणूस

मित्रांनो, मी वीतभर उंचीचा एक जुना लाकडी बाहुला आहे, आणि मी कोण हे अलीकडेपर्यंत मलाच सांगता येत नव्हतं.

मला चन्नपट्टणच्या बसवंताने घडवलं. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या एका लहानशा मराठी चर्चमधल्या अंबूबाईंनी रविवारच्या शाळेसाठी योसेफाच्या गोष्टीतली सगळी माणसं त्याला करायला सांगितली होती: म्हातारा बाप, रंगीत झग्यातला योसेफ, त्याचे भाऊ, उंटवाले व्यापारी, मिसर देशाचा राजा. बाकीचे सगळे बिनहाताचे, गुळगुळीत. मला मात्र अंबूबाईंनी हट्टाने एक हात बसवून घेतला, लांब, पुढे केलेला. प्रत्येकाच्या तळाला त्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवली. माझी झुरळांनी खाल्ली. पुढे अंबूबाईही गेल्या, आणि विचारायला कुणी उरलं नाही.

चिठ्ठी गेल्यापासून मी डुगडुगू लागलो. पडेल ते काम केलं. कधी व्यापारी, कधी तुरुंगाचा शिपाई, नाताळात मेंढपाळ. दर गोष्टीला वाटायचं, हाच का मी? गोष्ट संपायची आणि पुन्हा तीच हुरहूर. एरवी अंबूबाईंच्या सूनबाई, आता ही शाळा घेणाऱ्या वासंतीअक्का, माझ्या हातावर कपाटाच्या किल्ल्या अडकवत. "काय सोयीचा हात आहे," लोक म्हणत. माझं कौतुक तेवढंच.

यंदा काचेचं कपाट आलं. त्यात जागा मोजकी. देखभाल करणारा गिरीराज भंगाराचं पोतं घेऊन आला.

"अक्का, ह्याला ना नाव ना गाव. टाकू काय?"

"स्वल्प थांब," वासंतीअक्का म्हणाल्या. "आजचा तास संपेपर्यंत पोरांना ह्याचं नाव सापडलं तर कपाटात. नाही तर ने."

मित्रांनो, लाकडाला घाम येत नाही, हे बरं आहे.

पुण्याहून आलेला तनय सगळ्यांच्या आधी बोलतो. "टीचर, हा एंजल आहे. हंड्रेड पर्सेंट."

"पंख कुठे आहेत रे?"

"तुटले असतील."

"आणि तुटल्याची खूणही नाही?" शाल्मली म्हणाली. "तुझ्या होमवर्कसारखं झालं हे."

महिन्यापूर्वी नागपूरहून आलेली रक्षिता वर्गात कधी बोलत नसे. ती योसेफाची गोष्ट बोट ठेवून वाचत होती.

"टीचर, हा रानातला माणूस असेल का?"

गोष्टीत असं आहे: बापाने योसेफाला भावांची खबर आणायला धाडलं. भाऊ ठरल्या जागी नव्हते. पोरगं रानात भटकत राहिलं. तेव्हा कुणा एका माणसाने त्याला विचारलं, काय शोधतोस बाबा, आणि भाऊ कुठे गेले ते सांगितलं. बस. पुढे त्याचं नाव नाही, पत्ता नाही.

"तुला कसं सुचलं ग?"

"मागच्या रविवारी बस स्टँडवर आईचा हात सुटला. तिथे एक फुलवाले अण्णा होते, हातावर माळा घेतलेले. ते काय बोलले, मला कळलं नाही. पण मला बघून थांबले, आणि हात अस्सा केला. आई तिकडेच होती."

वासंतीअक्कांनी माझ्या हातावरच्या किल्ल्या काढल्या. योसेफाला माझ्यासमोर ठेवलं, भावांना टेबलाच्या टोकाला. माझा हात नेमका तिकडे वळलेला.

"तरी एंजलच," तनय म्हणाला. "माणूस कशाला थांबेल?"

"अण्णा थांबले की," रक्षिता म्हणाली.

"पण भावांनी तर जळून योसेफाला खड्ड्यात टाकलं, मग व्यापाऱ्यांना विकलं," शाल्मली म्हणाली. "ह्याने सांगितलंच नसतं तर?"

 

"पुढचं त्याला काय ठाऊक," वासंतीअक्का हळूच म्हणाल्या. "त्याच वाटेने योसेफ मिसरला पोचला, राजाचा कारभारी झाला, आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य दिलं. बरं, चिठ्ठीवर काय लिहू? माणूस की देवदूत?"

रक्षिताने स्वतःच लिहिलं: 'ज्याने विचारलं तो.'

"सरी, ठीक," म्हणत गिरीराजने रिकामं पोतं घडी केलं.

आता मी कपाटात योसेफाशेजारी असतो. नव्या चिठ्ठीनेही डुगडुग पुरती गेलेली नाही. राहू दे. ज्याने दाखवलेल्या वाटेवर एक पोर खड्ड्यात पडलं, त्याने फार ठाम उभं राहू नये. पण मित्रांनो, एखाद्याचं नाव सापडत नाही म्हणून त्याला पोत्यात घालू नका. आधी त्याचा हात कुठे वळलाय ते बघा. आणि कुणी भटकताना दिसलं, तर हातातल्या किल्ल्या खाली ठेवून विचारा, काय शोधतोस बाबा?