लेकीची बँक

देवमन तायडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पहिलं काम त्यांनी हे केलं की, अमरावतीतलं आपलं खातं उचलून अकोल्याला नेलं. तिथे लेक दीपमाला बँकेची मॅनेजर. त्याच बँकेची शाखा घरासमोर असताना स्वारी पासबुक भरायला एसटीने अकोला गाठायची. "समोर कावून नाही जात?" पंचफुलाबाई नवऱ्याला विचारायच्या. "तिथं माही पोरगी बसते काय?" हे ठरलेलं उत्तर.

त्या सकाळी मोबाईलवर ईमेल आली. वर लेकीच्या बँकेचं चिन्ह, खाली 'शाखा व्यवस्थापक'. संध्याकाळपर्यंत लिंकवर माहिती भरा, नाहीतर खातं बंद. निवृत्तीची सगळी पुंजी त्याच खात्यात. लेकीच्या बँकेवर संशय घ्यायचा म्हणजे लेकीवरच घ्यायचा की! त्यांनी लिंक उघडली. पहिल्याच चौकटीत एटीएमचा पिन मागितला होता, आणि तिथे बोट थबकलं.

उन्हाळ्यात एकदा शाखेतल्या एटीएमने त्यांना दाद दिली नव्हती. तेव्हा ते सरळ लेकीच्या केबिनमध्ये शिरले होते. "माहा पिन सांगतो, तूच पैसे काढून दे." आकडा तोंडातून निघायच्या आत दीपमालाने दोन्ही कान झाकले. "बाबा, पिन मलेबी सांगाचा नाही. लायनीत जा." चारचौघांत बापाला रांगेत लावलं. त्या दिवशी ते फुगून घरी आले, जेवलेही नाहीत.

जी पोरगी बापाचा पिन कानावर येऊ देत नाही, तिची बँक तो ईमेलवर मागेल? काही न भरता त्यांनी पान बंद केलं आणि लेकीला फोन लावला.

"नकली हाय, बाबा," दीपमाला म्हणाली. "पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा, तो आमच्या बँकेचा नाहीच. सकाळपासून दोघं जण फसून आले. तुमी कसं ओयखलं?"

"तुहे कान आठवले."

ती हळूच म्हणाली, "तुमाले लायनीत लावलं, त्या दिवशी मले लई वाईट वाटलं होतं."

"मलेबी. आज मात्र बरं वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी देवमनराव पासबुक घेऊन अकोल्याला गेले. केबिनकडे न जाता आपण होऊन रांगेत शेवटी उभे राहिले. पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं.

"थे मॅनेजर पाहून राहिले ना तुमी? माही पोरगी हाय. बापालेबी सोडत नाही."