कामकाजातून काढलेली ओळ

ताईंनी खुर्ची न सरकवताच अंग आत घातलं आणि बसता बसता पेन्सिल कागदाला लावली. मिनिटभराने शेजारचा प्रतिवेदक मुकाट्याने उठून गेला. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली हे छोटं टेबल. आत बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा. दर दहा मिनिटांनी माणूस बदलायचा आणि बदलताना एक मिनिट दोघांनी मिळून लिहायचं, म्हणजे मध्ये काही सांडत नाही. तीस वर्षं इथे ताईंचा हात चालला होता आणि तोंड बंद होतं. टेबलावरचा माणूस सभागृहात एक अक्षर जरी बोलला तरी त्याची नोकरी गेली, असा नियम होता. ताईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

अन्नपुरवठा मंत्री नवं कलम मांडत होते. ज्या घरात दोन वेळ जेवण होतं, ते घर गरिबांच्या यादीतून वगळायचं. तपासनीस दारात जाऊन विचारेल, घर सांगेल, तो खूण करेल.

"एवढं साधं आहे," मंत्री म्हणाले. "यादी निम्म्याने कमी होईल, आणि खऱ्या गरजूला दुप्पट धान्य मिळेल."

"कागदावर तर माझंही पोट उतरलंय!" विरोधी बाकांवरचे एक लठ्ठ सदस्य ओरडले.

"माननीय सदस्यांचं पोट हा आमच्याच योजनेचा पुरावा आहे."

हशा पिकला. ताईंनी कंसात 'हशा' लिहिलं. तेवढ्यात विरोधी पक्षनेते उठले.

"दारात आलेल्या परक्या माणसाला कोण सांगेल हो, आम्ही उपाशी आहोत म्हणून? माणसाला अब्रू असते. काल चूल पेटली नसली तरी घर म्हणतं, जेवलो. तुमचा तपासनीस हसतमुखाने खूण करून पुढच्या दारात!"

"मग काय घराघरात शिरून भांडी तपासायची?" मंत्र्यांनी विचारलं.

शेजारी नवी येऊन बसली. कामाला लागून वर्ष झालं तरी तिला सगळे नवीच म्हणत. दोघींच्या पेन्सिली बरोबर धावू लागल्या. मग क्षणभर सभागृह गप्प झालं. ताईंनी मान वर केली. दोन्हीकडच्या बाकांवर सगळ्यांच्या माना खाली होत्या, जणू प्रत्येकाच्या पुढ्यात ताट आहे. लगेच मंत्री पुढे बोलू लागले आणि ताई उठून टंकलेखनाच्या खोलीकडे निघाल्या.

हात आधी लिहितो, डोकं मागाहून येतं. या कामात ते तसंच असतं. त्यामुळे वही वाचून टंकताना शेवटच्या पानावर ताई थबकल्या. अक्षर त्यांचंच होतं.

'अजून वाढू का कुणाला?'

त्याखाली मंत्र्यांचं: 'नको, माझं झालं. तू जेव आता.'

त्याखाली विरोधी पक्षनेत्यांचं: 'मलाही नको गं.'

त्यांनी नवीला हाक मारून तिची वही मागितली. तिच्यातही तेच होतं. काना-मात्रेचा फरक नव्हता.

"ताई, हे मी लिहिलंय," नवी म्हणाली, "पण ऐकल्याचं काही आठवत नाही. मंत्री सभागृहात कुणाला 'तू' म्हणतील का?"

"चल, साहेबांकडे."

मुख्य प्रतिवेदकांना सगळे साहेबच म्हणत. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वाढू का, हे कोण बोललं? नाव कुठाय?"

"नाव नाही, साहेब. बाईचा आवाज असावा."

"असावा? तीस वर्षांनी तुम्ही मला 'असावा' सांगता?" ते उठले. "कानसेनला बोलवा, टेप घेऊन."

ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला कार्यालयात कानसेन म्हणत. कोण सदस्य खोकला हे तो टेपवरून अचूक सांगायचा. त्याने टेप लावली. हशा आला, अब्रू आली, भांडी तपासायची आली. मग शब्द थांबले. कुणा बाईचा आवाज नव्हता. त्या जागी नुसती एक खरखर होती. रिकाम्या पातेल्याच्या बुडाला पळी लागावी तशी. थांबून थांबून, सावकाश.

ताईंना तो आवाज ओळखीचा होता. सगळ्यांना वाढून झालं की आई पातेलं घेऊन दाराआड बसायची. आतून असाच आवाज यायचा, बराच वेळ. आई जेवतेय, असं समजून पोरं आडवी व्हायची. जरा मोठ्या झाल्यावर एकदा ताईंनी ते पातेलं घासायला घेतलं, तर त्याला काही लागलेलंच नव्हतं.

टेपवर मंत्री म्हणाले, नको, माझं झालं. ऐन चर्चेत कधी न ऐकलेल्या, लहान झालेल्या आवाजात. मग विरोधी पक्षनेते. आणि मग माइकच्या अगदी जवळून, स्पष्ट: 'मलाही नको.'

कानसेनने खाली पाहिलं. नवीने तोंडावर हात ठेवला.

"हा तुमचा आवाज आहे," साहेब म्हणाले.

ताईंनी मान डोलावली.

"साहेब, पुढे अजून एक आहे," कानसेन म्हणाला. "अधिकाऱ्यांच्या बाकाकडून. तिथं तर तेव्हा फक्त..."

"पुरे!" साहेबांनी स्वतः बटण दाबलं. ते पाठ करून खिडकीपाशी गेले. "ताई, हे सगळं कामकाजातून काढा. प्रश्न नाही, उत्तरं नाहीत. तुमच्या बोलण्याबद्दल मला वर कळवावं लागेल. नाइलाज आहे."

ताईंनी त्या ओळी गाळून पान पुन्हा टंकलं. मागची-पुढची वाक्यं इतकी बेमालूम जुळली की मध्ये काही होतं, असं कुणाला वाटलंही नसतं. प्रथेप्रमाणे संध्याकाळी कच्च्या प्रती दुरुस्तीसाठी सदस्यांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या कलमावर मतदान होतं. सकाळी मंत्र्यांचा शिपाई त्यांची प्रत परत घेऊन आला. एरवी मंत्री आपलं व्याकरण सुधारायचे, एखादा टोमणा सौम्य करायचे. आज भाषणाला त्यांनी हात लावला नव्हता. जिथून ओळी गाळल्या होत्या, नेमकं तिथे शाईने बाण काढला होता आणि समासात लिहिलं होतं: 'अजून वाढू का कुणाला? – हे राहिलं आहे.'

ताईंनी पान उलटं ठेवलं. अर्ध्या तासाने विरोधी पक्षनेत्यांची प्रत आली. अक्षर वेगळं, बाण त्याच जागी, ओळ तीच. मग त्या लठ्ठ सदस्यांची आली. त्यांनी खाली जोडलं होतं, 'मीही नको म्हणालो होतो. माझं घ्यायचं विसरलात.' मग मागच्या बाकांवरच्या सदस्यांच्या येऊ लागल्या, उभ्या अधिवेशनात ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. दुपारपर्यंत टेबलावर वीतभर गठ्ठा झाला.

ताई तो दोन्ही हातांनी उचलून साहेबांकडे गेल्या. साहेबांसमोर ताईंवरचा अहवाल होता. तारीख घातली होती, पुढे काही लिहिलं नव्हतं. त्यांनी वरची चार पानं पाहिली, मग मधली, मग सगळ्यात खालचं एक.

"गाळलेलं परत घ्या," ते म्हणाले.

"प्रश्न?"

"प्रश्न, आणि सगळ्यांची उत्तरं. ओळीने. मंत्र्यांचं, विरोधी पक्षनेत्यांचं, यांचं सगळ्यांचं. तुमचं." त्यांनी पुढ्यातला अहवाल बाजूला सारला. "आणि शेवटी माझं."

ताई साहेबांच्या टेबलाशेजारच्या टंकयंत्रापाशी बसल्या. त्यांनी यंत्रात कोरा कागद घातला आणि डावीकडचा नावाचा रकाना आला तशी बोटं थांबली.

"प्रश्नापुढे नाव काय घालू?"

"सदस्यांच्या यादीत ती बाई नाही."

"ती कुठल्याच यादीत नव्हती, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "मग जागा मोकळी सोडा."

"किती सोडू?"

त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. शिपाई आणखी पानं घेऊन दारात उभा होता.

"सगळ्याजणी मावतील एवढी."