सातवा फर्मा

कुरिअरच्या पाकिटाची चिकटपट्टी दर्शनाने सरळ दातांनी तोडली. समोर खुर्चीत बसलेल्या लवूंनी, तिच्या वडिलांनी, तोंड वाकडं केलं. चाळीस वर्षं बायंडिंगच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला पुस्तकाशी असली दांडगाई बघवत नाही.

"आधी जेवान घे गो," ते म्हणाले. "पुस्तक काय पळान जाता?"

"एकोणचाळीस वर्षं थांबलेय, बाबा."

ती नऊ वर्षांची असताना जोगेश्वरीच्या याच खोलीत त्यांनी जाईचं पुस्तक आणलं होतं. खाडीकाठच्या जाईची आई होडीत बसून पलीकडे जाते, ती परतत नाही. जाई रोज तिन्हीसांजेला कंदील घेऊन काठावर उभी. शहाण्णवाव्या पानावर वल्ह्यांचा आवाज येतो, जाई धावत सुटते, आणि पुढचं पान पुन्हा एक्क्याऐंशी! आई पुन्हा होडीकडे निघालेली. सहावा फर्मा, म्हणजे सोळा पानांची ती घडी, दोनदा शिवलेला. शेवटचा सातवा गायब. चुकलेल्या प्रती कामगारांना फुकट मिळत, मग तक्रार कुणाकडे करणार? जाईची आई आली की नाही, हे विचारून दर्शनाने घर डोक्यावर घेतलं होतं.

"मी पुस्तकं शिवतो गो," लवू म्हणायचे. "वाचूक खंय येळ?"

आता अख्खी प्रत हातात होती. तिने सत्त्याण्णवावं पान उघडलं आणि सावकाश वाचू लागली. लवू पंख्याकडे बघत बसले.

होडीतून उतरला तो जाईचा मामा. त्याच्या हातात आईची पिशवी होती. शेवटच्या पानावर जाईने स्वतःच कंदील विझवला.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोष्टीतल्या बाईसाठी रडायचं म्हणजे कमालच, पण दर्शनाचे डोळे भरले ते भरलेच. तिने फळीवरून जुनी प्रत काढली. उगाच, दोन्ही शेजारी ठेवाव्यात म्हणून. उघडल्यावर मधले टाके दिसले. सहा फर्म्यांना पांढरा दोरा होता. शेवटच्याला निळा. तिच्या शाळेच्या गणवेशाची बटणं ज्याने लावत, तो घरातला दोरा.

"बाबा, तू फर्मे तपासायचास ना? एक चूक गेली नाही हातून, म्हणून मालकाने घड्याळ दिलं तुला."

"दिलं."

"मग हे कसं सुटलं?"

लवूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत तेल चुरचुरत होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"त्या वर्षी तुझी आई हॉस्पिटलात. आठ महिने. टीबी. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. घरात तू नि मी. जेवणाच्या सुट्टीत शेवट वाचला मी. म्हटलं, हे पोरीच्या हातात कसं द्यायचं? सहाव्याची एक जास्तीची घडी आणली, सातवा उसवला. ही घरी आली की परत शिवायचा, असं ठरवलं होतं."

"मग?"

"मग ती आली. आणि तो शेवट परत शिवायची मला भीती वाटायला लागली, गो."

दर्शनाला त्यांचा हात धरावासा वाटला. पण त्या घरात तशी पद्धत नव्हती. तिने नवी प्रत परत पाकिटात सरकवली आणि जुनी फळीवर जागच्या जागी ठेवली.

"काय गो," आतून सुगंधाबाईंचा, तिच्या आईचा, आवाज आला, "त्या जाईची आवस इली काय शेवटी? लहानपणी माझा डोका खाल्लंस त्याच्यापायी!"

लवू मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"इली," दर्शना म्हणाली. "आठ महिने लागले. पण इली."

तळलेल्या बांगड्यांचं ताट घेऊन सुगंधाबाई दारात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मगे रडतंस कित्याक?"