चंपाआत्तीचा कान आणि समितीची बासरी

फाल्गुनातले ऊन अग्रणी नदीच्या कोरड्या पात्रात पांढरेफटक होऊन पडले होते. काठावरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये मात्र तेच ऊन हिरव्या कापडातून गाळून उतरत होते. पाचूसारखे होऊन, पाण्यासारखे होऊन. जाळ्यांवर जाळ्या रचलेल्या. जाळी-जाळीवर पहुडलेली द्राक्षे, रसभारमंथर, सुवर्णहरित. सुकत, सुरकुतत, गोड होत.

त्या हरितप्रकाशात चंपाआत्ती उभी असे. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांतला उजेड केव्हाच मालवलेली. तिचे काम एकच. बायका जाळीला खालून टिचकी मारत आणि आत्ती कान लावी. ओला बेदाणा मुका असतो, जाळीला चिकटून बसतो. वाळलेला बोलतो. आत्तीचा हात वर गेला की बायका थांबत. हात खाली आला की जाळी झटकली जाई, आणि ताडपत्रीवर सोन्याची सर सळसळत कोसळे.

मालकाकडे ओलावा मोजायचे यंत्र आहे. मालक आधी आत्तीला विचारतो, मग यंत्राला. दोघांचे पटले नाही, तर यंत्र दुरुस्तीला जाते.

एकोणीस वर्षे तिच्या शेजारी बेदाणा निवडणाऱ्या पद्मिनीच्या हाती एके दिवशी एक पत्रक आले. तालुक्याची हौशी लघुपट स्पर्धा, विषय श्रमगाथा, महागड्या साधनांची अट नाही. समित्यांची पत्रके अक्षरशः खरी मानायची नसतात, हे पद्मिनीला कोणी सांगितले नव्हते.

तिची साधने अशी. कोपऱ्यात तडकलेला मोबाइल. चार क्रेट एकावर एक रचून केलेली तिपाई. आत्तीच्या गालावर उन्हाचा कवडसा फेकायला कणकेची परात, घासून लख्ख केलेली. आणि माइक म्हणून जुन्या इयरफोनची तार, आत्तीच्या अंबाड्यात खोचलेली.

“डोक्यात काय घालतीस गं माझ्या?”

“कान, आत्ती. तिसरा.”

आत्ती हसली. मग गंभीर झाली. तिची एकच अट होती. चित्र तिला दिसणार नव्हते. चित्र तुम्ही बघा, म्हणाली, मला तेवढं ऐकव. पद्मिनीने गळ्याला चिमटा घेऊन शब्द दिला.

सात मिनिटांचा लघुपट झाला. त्यात एक शब्द नव्हता. टिचकी होती, तिच्यामागची शांतता होती, आत्तीचा श्वास होता, आणि मग ती सळसळ. शुष्कमधुर, अखंड, जणू उन्हालाच कंठ फुटला आहे.

स्पर्धेच्या समितीने लघुपट पाहिला. नुसता पाहिला.

गाणे नाही, निवेदन नाही. बिचारीकडे साधने नसावीत, हे समितीच्या करुणार्द्र अंतःकरणाने ओळखले. मग समितीने स्वखर्चाने त्या सात मिनिटांवर बासरी ओतली. बासरीखाली संतूर अंथरले. फटीफटीतून कोकिळा कोंबल्या. आणि या सर्वांवर, मुकुटावर तुरा खोवावा तसा, अध्यक्ष उद्धवराव नाईकनवरे यांचा धीरगंभीर स्वर चढवला: हे श्रमदेवते, हे घर्मबिंदुमंडिते!

कान कापून घ्यावा आणि तळहातावर कुंडल ठेवावे, तसे.

पद्मिनीला हे कळले ते बक्षीस समारंभाच्या सभागृहात, भर दुपारी, पडद्यासमोर. शेजारी आत्ती, ठेवणीतल्या इरकली लुगड्यात, मान पुढे काढून बसलेली. पडद्यावर आत्तीने जाळीला कान लावला, आणि कोकिळा ओरडली. आत्तीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली; अंगणात वाट चुकलेल्या पाखरासारखी.

“पद्मे, ह्यात मी कुठं हाय गं?”

 पद्मिनी उठली, तडक मंचापाशी गेली. अध्यक्षांनी तिला वात्सल्याने समजावले. तो मूळचा आवाज म्हणजे नुसती खरखर होती. तंत्रज्ञाने ती साफ केली. संगीतामुळेच तर उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. आभार मानायचे सोडून बाई भांडायला कशा येतात, याचे त्यांना नवल वाटले.

“खरखर न्हवती ती, साहेब,” पद्मिनी म्हणाली. “माणूस हुतं. पुसलंसा तुम्ही.”

आणि ती मागे फिरली. खुर्चीवर बसली नाही. मंचाकडे पाठ करून आत्तीसमोर उकिडवी बसली, पिशवीतून तो तडकलेला मोबाइल काढला, मूळ लघुपट लावला आणि आत्तीच्या कानाशी धरला.

ध्वनिवर्धकावर पद्मिनीचे नाव गरजले. एकदा. दोनदा. शाल उलगडली गेली, चषक उचलला गेला, छायाचित्रकार गुडघ्यावर बसला. तिसऱ्यांदा नाव उच्चारताना अध्यक्षांनी एका सुभाषिताला हात घातला.

आत्तीने मान वळवली नाही. तिचा हात तेवढा वर गेला. सुरकुतलेला, काटक, द्राक्षरसाने काळवंडलेला हात.

“कोण हाय त्यो? जरा गप ऱ्हावा. ऐकू द्या.”

सुभाषित अर्ध्यात तुटले. खुर्च्यांची करकर थांबली; पंख्यांनीसुद्धा जणू श्वास आवरला. आणि त्या निःस्तब्ध, तुडुंब सभागृहात, एका तडकलेल्या मोबाइलमधून, आधी पहिल्या रांगेला, मग दुसरीला, मग दाराशी उभ्या असलेल्यांना ऐकू येऊ लागली ती सळसळ. बारीक, कोरडी, सोनेरी. आत्तीचे दृष्टिहीन डोळे मिटत गेले, आणि वर धरलेला तिचा हात हळूहळू, हळूहळू, खाली आला.