वाढत्या हाडांची भूक

"थुंक," वस्ताद म्हणाला.

बुक्की थुंकली. बाटलीच्या तळाशी थेंबभर फेस पडला. जीभ टाळूला चिकटलेली, लाळ आणायची कुठून?

वस्तादानं हातातलं चामडी पॅड तिच्या गालावर हाणलं. "हे थुंकणं झालं? पाणी म्हणजे वजन, लाळ म्हणजे वजन. काढ बाहेर!"

वस्ताद तिचा बाप. बॉक्सिंगच्या हॉलमधली सगळी पोरं त्याला वस्ताद म्हणत. दारातून आत पाऊल टाकलं की तिनंही तेच म्हणायचं. बुक्की हे नाव पोरांनीच ठेवलेलं, तिनं पहिल्यांदा एका दांडगोबाचा ओठ फोडला तेव्हा.

वय चौदा. अंगात घाम काढायचा प्लास्टिकचा डगला, आणि डगल्यात घाम नाही. गेल्या वर्षी ज्या वजनगटात जिंकली त्याच गटात यंदाही उतरवायची, हा बापाचा हट्ट. जिंकली की सरकारी क्रीडा वसतिगृह, जिंकली की नाव. पण पोरगी वर्षभरात वेलीसारखी चढली होती. वेलीला कुणी सांगावं, बाई गं, जमिनीलाच चिकटून राहा?

मध्यंतरी बॅगवर ठोसा मारताना तिचं मनगट मोडलं, वाळकी काटकी मोडावी तसं. पाळीही थांबली होती. डॉक्टरीण म्हणाली, "हाडं भरायचं हेच वय आहे. आत्ता उपाशी ठेवलीत तर जन्मभर ठिसूळ राहतील." वस्तादानं मान डोलावली आणि घरी येऊन अन्नाच्या कपाटाला कुलूप ठोकलं.

त्या आठवड्यात आईनं स्वतःच्या वाट्याचं दूध हळूच लेकीपुढे सरकवलं. तान्हं बाळ तिच्या अंगावर पीत होतं. वस्तादानं पेला हिसकावला आणि आईच्या हातावरच फोडला. काच तळव्यात घुसली. दूध आणि रक्त एकाच ओघळानं टेबलावरून उतरलं.

"अहो, वाढतं अंग आहे तिचं."

"आणि नशीब? ते काय तुझ्या पेल्यातून येणार?"

कोपऱ्यातून आजीचा, त्याच्या आईचा, दळण दळल्यासारखा संथ आवाज आला:

"तान्ह्याची भूक गं, आईच्या पान्ह्यात,
रांगत्याची भूक गं, इवल्या घासात,
वाढत्या लेकीची, तिच्या हाडाहाडात,
पाजत्या आईची, दोघांच्या ताटात,
म्हातारीची भूक गं, कुणाच्या ध्यानात?"

"गप बस गं आई. दात नाहीत, तरी तोंडाला विसावा नाही."

आजीचे समोरचे दात म्हातारपणानं पडलेले नव्हते. पण ते खरे कसे पडले, हे घरात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे वस्ताद अंघोळीला गेला, तेव्हा आईनं त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि चहाच्या भांड्यात अंडी उकडली. आजीनं अंडी पदरात बांधली. नातीची लढत असली की टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन आजी जायचीच. संशय कुणाला येणार?

काट्यावर बुक्की किंचित जास्त भरली.

"वरच्या गटात टाकू का?" वजन घेणाऱ्या बाईनं विचारलं. "एक जागा रिकामी आहे. समोर लोहाराची पोर आहे पण."

लोहाराच्या पोरीनं गेल्या लढतीत एकीचा जबडा निखळवला होता.

"काही गरज नाही," वस्ताद म्हणाला. "अजून वेळ आहे. हिला पिळून काढतो." आणि मानगूट धरून त्यानं तिला जिन्याकडे ढकललं. "पळ. वर, खाली. डोळे फिरले तरी थांबायचं नाही."

डोळे फिरलेच. कठड्याला कपाळ आपटून ती पायरीवर कोसळली. भुवई फुटली. आजीनं टॉवेल दाबला, इकडेतिकडे पाहिलं, गाठ सोडली, एक अंडं सोललं आणि नातीच्या ओठाला लावलं.

बुक्कीनं ते दोन घासांत गिळलं. रक्तासकट.

"थेरडे!" जिन्याखालून वस्ताद ओरडला. तीन-तीन पायऱ्या चढत तो वर आला. लाथेसरशी पदरातलं एक अंडं उडालं आणि पायरीपायरीवर फुटत खाली गेलं. त्यानं लेकीवर मूठ उगारली. आजी मध्ये पडली. मूठ तिच्या जबड्यावर बसली.

म्हातारी पायरीवर बसली. तोंडातून रक्त आलं. बाकी काही पडलं नाही. पडायला काही उरलंच नव्हतं.

"तुझ्या बापाचाही हात असाच बसला होता," ती म्हणाली. "तू पोटात होतास. डोळ्यांपुढे अंधारी यायची मला. त्याच्या ताटातलं अंडं खाल्लं मी. एकच रे. त्यानं समोरचे सगळे दात पाडले."

"खोटं. तू जिन्यावरून पडली होतीस."

"पोराला बाप चांगला वाटावा, म्हणून पडले जिन्यावरून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते अंडं तुझ्या हाडांत आहे. त्याच हाडांनी मारतोस."

वस्तादाचा चेहरा राखेसारखा झाला. पण सवय माणसाच्या आधी हलते. त्यानं बुक्कीचे केस मुठीत धरले आणि तिला ओढलं. "ऊठ. वजन उतरव."

बुक्की उठली. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, जसं त्यानं शिकवलं होतं. डावा ठोसा त्याच्या उजव्या बरगडीखाली शिरला. श्वास बंद झाला. भिंतीवरून ओला गिलावा घसरावा तसा वस्ताद गुडघ्यांवर आला.

त्याच्यासमोर उभं राहून तिनं दुसरं अंडं सोललं आणि खाल्लं. मग पाणी प्यायली, बाटली रिकामी होईतो. खाली जाऊन काट्यावर चढली. "वरच्या गटात लिहा."

भुवईला टाके पडले, तरी ती हटली नाही. लोहाराच्या पोरीनं पहिल्या फेरीत तिचं नाक फोडलं. दुसरीत बरगडी ठणकवली. तिसरीत टाके उसवले. बुक्की दोनदा खाली गेली, दोनदा उठली. मोडून जुळलेल्या मनगटानं तिनं असा ठोसा दिला की लोहाराची पोर दोरांवर जाऊन आदळली. मनगट टिकलं. घंटा झाली. पंचांनी हात वर केला तो दुसरीचा.

वसतिगृह गेलं. बुक्की टॉवेलमध्ये रक्त टिपत जिन्याकडे आली.

वस्ताद अजून तिथंच होता, बरगडी धरून. शेजारी त्याची आई. जबडा सुजलेला, पदरात शेवटचं अंडं. त्यानं ते उचललं होतं आणि सोलत होता. जमत नव्हतं. कवचाबरोबर पांढरंही निघत होतं. आयुष्यभर सोललेलंच पुढ्यात आलेलं. लेक दिसताच त्यानं ते खडबडीत, ओरखडलेलं अंडं तिच्यापुढे धरलं.

"घे," तो म्हणाला. वस्तादाचा आवाज नव्हता तो.

बुक्कीची भूक अजून भागलेली नव्हती. ती अंड्याकडे पाहत राहिली. हात मात्र पुढे केला नाही.

"आधी तिला," ती म्हणाली. "मऊ आहे. दात लागत नाहीत."